सव्वा लाखाचा लॅपटॉप घ्यावा का? रिपेअरिंगच्या टेबलावरून जे दिसतं ते सांगतो

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बहिणीला विष्णुपुरीला एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला ॲडमिशन भेटलंय, तिला १ लाख १८ हजाराचा पातळ, मेटल बॉडीचा लॅपटॉप पाहिजे, दुकानदार म्हणतोय हाच घ्या दहा वर्षं बघायचं काम नाही, तुमचा मित्र म्हणतोय ५८ हजारातला घ्या बाकी सगळी शोबाजी, आणि वडील म्हणतेत लेकराच्या शिक्षणाला कमी पडू नये, लागलं तर ठेवलेलं सोयाबीन आत्ताच मोंढ्यात काढू. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की महागडे लॅपटॉप खरंच तेवढ्या पैशाचे असतेत का.

पहिलं अभिनंदन, कॉम्प्युटरला तिथं नंबर लागणं सोपं नाही.

मी नांदेडला लॅपटॉप रिपेअरिंग करतो, चिप लेव्हल, म्हणजे बोर्डवरच्या बारीक चिपपर्यंत, सतरा वर्षं झाली. दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. एक म्हणजे माझ्या दुकानात सेकंडहँड लॅपटॉप पण विकतो, त्यामुळं पुढं कुठं मी सेकंडहँडचं कौतुक केलं तर त्यात माझा पण स्वार्थ आहे हे धरून चाला. दुसरं, माझ्याकडं बिघडलेलंच येतंय. ज्याचा लॅपटॉप मस्त चाललाय तो माणूस मला दाखवायला म्हणून कधी येत नाही. म्हणून माझं मत थोडं वाकडं असणार, पण तुटतंय काय आणि दुरुस्त होतंय काय हे मात्र मला चांगलं ठाऊक आहे.

आता हिशोब तुमच्याच भाषेत मांडतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावानं १ लाख १८ हजार म्हणजे २२ क्विंटलच्या वर माल झाला, ५८ हजार म्हणजे ११ क्विंटलच्या आत. आणि मोंढ्यात हमीभावाएवढं पदरात पडतंय का हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तर वर्थ आहे का नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, विचारायचं असं की मधले हे ११ क्विंटल लॅपटॉपमध्ये नेमके जातेत कुठं, आणि त्यातलं बहिणीच्या कामाला किती येतंय.

लोकांना वाटतंय हे पैसे प्रोसेसरला जातेत. बहुतेक वेळा नाही. ५८ हजारात पण आज आय५ किंवा रायझन ५ भेटतोय, १६ जीबी रॅम भेटते, ५१२ ची एनव्हीएमई एसएसडी भेटते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या तीन वर्षात सी, जावा, पायथन, डेटाबेस, थोडं वेब, फार तर एखादी व्हर्च्युअल मशीन, एवढ्याला ते भरपूर झालं. सव्वा लाखाचा आणि साठ हजाराचा शेजारी शेजारी ठेवून तोच प्रोग्राम रन केला तर फरक पडेल पण डोळ्याला जाणवेल एवढा पडेलच असं नाही.

पैसा जातो तो स्पेसिफिकेशनच्या कागदावर न दिसणाऱ्या गोष्टीत. सगळ्यात आधी हिंज, म्हणजे बिजागरी. माझ्या टेबलावर दर आठवड्याला किमान तीन-चार लॅपटॉप हिंज तुटलेले येतेत आणि जवळपास सगळे स्वस्तातले. होतंय काय, प्लॅस्टिकच्या बॉडीत पितळेचे बारीक नट दाबून बसवलेले असतेत, बिजागरीचे स्क्रू त्यात. दीड-दोन वर्षात बिजागरी कडक होते, पोरं एका कोपऱ्याला धरून झाकण उघडतेत, सगळा जोर त्या नटावर येतो आणि नट प्लॅस्टिकसकट उपटून बाहेर. मग झाकण उघडलं की बॉडी फाकते, तसंच वापरत राहिलं की डिस्प्लेची केबल कापते, नसता स्क्रीनच तडकते. महागड्यात हाच स्क्रू थेट मेटलमध्ये बसवलेला असतो, तिथं उपटायला काही नसतंच. हा फरक खरा आहे, त्यात शोबाजी नाही.

दुसरी स्क्रीन. स्वस्तातल्या लॅपटॉपच्या बॉक्सवर बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी (रंगाचं माप) आणि २५० निट्स (उजेडाचं माप) लिहिलेलं असतंय, ते कुणी वाचत नाही. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे आपण मोबाइलवर बघतो त्यातले साधारण एक तृतीयांश रंग गायब, लाल रंग विटकरी दिसतो. आणि २५० निट्स म्हणजे खिडकीपाशी बसलं की स्वतःचंच तोंड दिसतंय. कोडिंगला रंग कशाला लागतेत म्हणाल तर बरोबर आहे, पण चार वर्षं रोज सहा-सात तास त्या काचेकडं बघायचंय, डोळ्याचा विचार करा. चांगली गोष्ट अशी की ही अडचण सुटायला सव्वा लाख लागत नाहीत, ६०-६५ हजारात ३०० निट्सचा, पूर्ण एसआरजीबी रंगाचा पॅनल असलेले मॉडेल भेटतेत, फक्त शोधावं लागतंय आणि दुकानदाराला तोंडानं विचारावं लागतंय.

बाकी मग टचपॅड, कीबोर्डचा दाब, वजन सव्वा किलो विरुद्ध पावणेदोन किलो, बॅटरी, फॅनचा आवाज. बॅटरीचं एक बघून ठेवा, वॉट-अवर नावाचा आकडा असतो, बॅटरीत वीज किती मावते त्याचा. स्वस्तात ४१-४२ वॉट-अवर देतेत, चांगल्यात ५० ते ७०. निस्तं "आठ तास बॅकअप" लिहिलेलं असलं तर त्याच्यावर जाऊ नका, वॉट-अवर विचारा.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी महागड्याचीच बाजू घेतोय. आता दुसरी बाजू ऐका, आणि माझं खरं म्हणणं इथंच आहे.

महाग म्हणजे टिकाऊ असं आपण मानून चाललोय, कारण ट्रॅक्टरपासून मोटारपंपापर्यंत आपला अनुभव तसा आहे. लॅपटॉपमध्ये ते अर्धंच खरं आहे. महागडा पातळ लॅपटॉप सहजासहजी तुटत नाही, पण तुटला की मोडून टाकतो, लॅपटॉपला पण आणि घरच्या बजेटला पण. पातळ करायच्या नादात रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, काहीत एसएसडी पण, कीबोर्ड वरच्या पॅनलला रिव्हेट मारून बसवलेला, बॅटरी चिकटवलेली, स्क्रीनची काच आणि पॅनल एकच. साध्या लॅपटॉपची १५.६ इंची स्क्रीन मी चार ते सहा हजारात बदलून देतो, कीबोर्ड हजार-दीड हजारात. तेच पातळ टचस्क्रीनवाल्याचं झाकण पूर्ण बदलावं लागतं आणि पंचवीस हजाराच्या वर सहज जातं. एक रॅम चिप गेली तर बोर्ड, पॉवर सेक्शनला पाणी गेलं तरी बोर्ड, आणि तो बोर्ड कंपनीकडून घ्यायचा म्हणलं की लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या आसपासचा आकडा सांगतेत. मी चिप लेव्हलला प्रयत्न करतो, जमतंय बी बऱ्याचदा, पण गॅरंटी देता येत नाही.

माझ्यावर बेतलेलं सांगतो. २०१९ ला एका सरांचा असाच पातळ लॅपटॉप आला होता, झाकणात पाणी गेलेलं, कॅमेरा बंद. काच उचलल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. हीट गननं कडा गरम करत करत अर्धा तास लावला, तीन बाजू सुटल्या, चौथ्या बाजूला खालच्या कोपऱ्यातनं एक बारीक रेघ निघाली आणि डोळ्यादेखत वरपर्यंत गेली. तेव्हा आवाज पण आला नाही. कॅमेऱ्याच्या आठशे रुपयाच्या कामात २६ हजाराचं झाकण माझ्या खिशातनं गेलं, तो पार्ट आणायला गाडी पकडून सिकंदराबादला गेलो, तिथल्या कॉम्प्युटर मार्केटचे, चिनॉय ट्रेड सेंटरचे तीन मजले पालथे घातले तेव्हा एक भेटला. घरी बायकोला सांगितलं एक हजाराचं नुकसान झालं म्हणून. तिला अजून ठाऊक नाही, आणि ती हे वाचत नाही म्हणून लिहायलोय.

त्या दिवसापासून लॅपटॉप विचारायला कुणी आलं की मी किंमत दोन भागात सांगतो. दुकानात द्यायची ती पहिली किंमत, आणि एक अपघात झाला तर द्यायची ती दुसरी. चार वर्षात होस्टेलवर एक अपघात होतोच, चहा सांडतो, पलंगावरनं पडतो, मैत्रीण त्याच्यावर बसते. ५८ हजारवाल्याला तो अपघात पाच-सात हजाराचा, १ लाख १८ हजारवाल्याला तीस-चाळीस हजाराचा. पहिली किंमत वडील आत्ता माल काढून देतील. दुसरी किंमत फेब्रुवारीत, हातात माल नसताना आली तर कोण देणार? ज्या घरात ही दुसरी किंमत त्रास न होता देता येते त्या घरानं खुशाल महागडा घ्यावा, त्याला चांगलंच यंत्र भेटतंय. ज्या घरात पहिल्याच किमतीला ओढाताण आहे त्यांनी घेऊ नये. माझं सगळं उत्तर एवढंच आहे असं म्हणलं तरी चालेल.

दुकानदाराच्या "दहा वर्षं बघायचं काम नाही" याचं पण बोलू. २०१७ ला माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी ९० हजाराचा आय७ घेतला होता, सातव्या जनरेशनचा, तेव्हाचा भारीतला. त्यांच्याच मुन्शीनं पुढच्या वर्षी ३५ हजारात आठव्या जनरेशनचा आय३ घेतला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट बंद केला आणि विंडोज ११ ला इंटेलमध्ये आठव्या जनरेशनपासून पुढचंच चालतंय, सातव्यातले जवळपास सगळेच यादीबाहेर. मुन्शीचा लॅपटॉप अपडेट झाला, वकीलसाहेबांचा राहिला. साहेब मला म्हणले, अरे हा कसला न्याय. हार्डवेअर ठणठणीत होतं हो त्यांचं, आजही आहे, त्याच्यावर मी लिनक्स टाकून दिलंय आणि घरचं लेकरू वापरतंय. पण सांगायचं काय, की पुढची दहा वर्षं आज विकत घेता येत नाहीत. त्यापेक्षा ५८ चा आत्ता आणि गरज पडली तर पाचव्या-सहाव्या वर्षी तिच्या स्वतःच्या पगारातनं दुसरा, हे जास्त शहाणपणाचं वाटतं मला.

आपल्याकडची परिस्थिती पण धरा. हे रिव्ह्यू करणारे लोक एसीत बसून रिव्ह्यू करतेत. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्री, पत्र्याखाली त्याच्याहून जास्त. पातळ लॅपटॉपमध्ये हवा खेळायला जागा कमी, काही मॉडेलला तर फॅनच नसतो, तापला की तो स्वतःचा स्पीड कमी करून घेतो. म्हणजे ज्या स्पीडचे पैसे मोजले तो दुपारी भेटत नाही. आणि धूळ. मोंढ्यातल्या हळदीच्या आडतवाल्याचा लॅपटॉप मी उघडला होता, फॅनच्या तोंडाला पिवळी जाड वडी जमलेली, अक्षरशः खरवडून काढली, दुकानात दिवसभर भंडारा उधळल्यासारखा वास. जिनिंग मिलमधला एक येतो दरवर्षी, त्याच्या हीटसिंकवर (आतली उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) कापसाची गादी असते. असल्या ठिकाणी १ लाखाचा असो का ४० चा, वर्षाला एकदा साफ करून प्रोसेसरवरची, उष्णता हीटसिंकला नेणारी पेस्ट बदलली तरच टिकतो. आणि जो चार स्क्रूत उघडतो तो साफ होतो, जो उघडायला भीती वाटते तो तसाच राहतो आणि मरतो.

लाइटीचं वेगळंच. मेटल बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला झिणझिण्या येतेत ही तक्रार घेऊन लई लोक येतेत, घाबरून येतेत, म्हणतेत मशीन फॉल्टी दिली. मशीन चांगली असते. ॲडाप्टरमध्ये नॉइज कमी करायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्याच्यातनं अगदी बारीक करंट लीक होतो, घराला अर्थिंग असलं आणि पिन तीनची असली तर तो जमिनीत जातो, नसता बॉडीवर येऊन बसतो. जीवाला धोका सहसा नसतो पण टचपॅड वेड्यासारखं करतंय आणि माणूस दचकतो. प्लॅस्टिकच्या बॉडीला हे कळतच नाही. आपल्या खेड्यातल्या किती घराला खरं अर्थिंग आहे ते तुम्ही सांगा. सॉकेटला तिसरं छिद्र असतं फक्त, मागं वायर नसते.

सर्व्हिस हा पण किमतीचाच भाग आहे. मागं हिंगोलीच्या एका पोराचा वॉरंटीतला महागडा लॅपटॉप, कंपनीचं नाव घेत नाही, ऑनसाइट वॉरंटी, म्हणजे इंजिनिअर घरी येऊन दुरुस्त करणार, म्हणून विकलेला. बंद पडला तर कस्टमर केअरवाले म्हणले तुमच्या लोकेशनला इंजिनिअर येत नाही, पाठवून द्या. पाठवला, ३४ दिवसानं परत आला, मध्ये त्याची सेमिस्टर परीक्षा झाली. तो माझ्याकडं येऊन भाड्यानं लॅपटॉप मागत होता. म्हणून घ्यायच्या आधी कस्टमर केअरला फोन करून तुमचा आणि होस्टेलचा, दोन्ही पिनकोड सांगा आणि ऑनसाइट येतंय का विचारा. दुकानदाराला नका विचारू, तो हो म्हणणारच.

तर मग महागडा कुणी घ्यावा? ज्याची भाकरी त्याच्यावर आहे त्यानं. लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग करणारा एक पोरगा आहे, सीझनला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम, त्याला मी स्वतः म्हणलं की बाबा घे दीड लाखाचा. एक लग्न लवकर एक्स्पोर्ट झालं तर दुसरी ऑर्डर घेता येते, त्याचे पैसे दोन सीझनला निघाले, वरनं जीएसटी नंबर असल्यानं १८ टक्क्याचं क्रेडिट पण भेटलं. पुण्याच्या कंपनीचं काम लोह्यात घरी बसून करणारा एक जण आहे, दिवसाला दहा तास मशीनपुढं, त्याला पण वर्थ आहे. त्यांचा दिवस मोडला तर पगार मोडतो. फर्स्ट इयरच्या पोरीचा एक दिवस मोडला तर कॉलेजची लॅब आहे, मैत्रिणीचा लॅपटॉप आहे.

मॅकबुकचं विचारलं नाही तुम्ही पण खाली कुणीतरी विचारणारच म्हणून लिहितो. २०२० च्या शेवटी आलेला एम१ चा एअर, सुरुवातीची किंमत ९२,९००, माझ्या गिऱ्हाइकांपैकी दोघा-तिघांकडं अजून पहिल्यासारखा चालतोय, बॅटरी पण बरी आहे, विकायला काढला तर किंमत पण चांगली येते. हे मान्यच करावं लागेल, महागड्यात टिकाऊपणाचं सगळ्यात चांगलं उदाहरण तेच. कॉम्प्युटर ब्रँचला मॅक चालतो पण, टर्मिनल वगैरे लिनक्सच्या जवळचं आहे. पण मेकॅनिकलवाल्यानं सॉलिडवर्क्ससाठी, सिव्हिलवाल्यानं रेव्हिटसाठी, किंवा घरी टॅली चालवायची असंल तर त्यानं दहा वेळा विचार करावा, ही सगळी विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. आणि २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत बेसिक एअर ८ जीबीचाच यायचा, रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळं जुना घेणाऱ्यानं तेवढं बघून घ्यावं.

आता माझ्या स्वार्थाची गोष्ट. महागड्यातली मजबुती अर्ध्या पैशात पाहिजे असंल तर एक रस्ता आहे, कंपन्यातून निघालेली बिझनेस सीरिज. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असली नावं. यातले बरेच नवीन असताना लाखाच्या पुढचे असतेत, कंपन्या तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतेत, हैदराबाद-मुंबईहून आमच्यापर्यंत येतेत, ३० ते ४० हजारात चांगला भेटतो. हिंज मजबूत, कीबोर्ड लाजवाब, पार्ट भेटतेत, बऱ्याच मॉडेलचा खालचा पत्रा साध्या स्क्रू ड्रायव्हरनं निघतो. पण आंधळेपणानं घेऊ नका, माझ्याकडून घेतला तरी. जुन्यात जुना आठव्या जनरेशनचा, त्याच्या खाली उतरायचंच नाही, जमलं तर अकराव्याच्या पुढं. बॅटरी रिपोर्ट काढायला लावायचा, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी दोन आकडे असतेत, दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्याच्या खाली असला तर बॅटरीचे पैसे कमी करून मागायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारा आतला प्रोग्राम) पासवर्ड आहे का आणि जुन्या कंपनीचं लॉक निघालंय का बघायचं. विंडोज नव्यानं टाकून, नेटला जोडून, समोर सेटअप करून दाखवा म्हणायचं. लॉक राहिलेला असला तर त्या सेटअपमध्ये कुठल्यातरी कंपनीचं नाव येतं आणि तिथला ईमेल मागतं. तसा लॅपटॉप फुकट दिला तरी घेऊ नका.

नवीनच घ्यायचा असला, आणि मला वाटतं पहिला लॅपटॉप आहे म्हणून नवीनच घ्याल, तर साधारण ५५ ते ६५ हजाराच्या मध्ये थांबा. १६ जीबी रॅम, नाहीतर ८ असली तर एक स्लॉट रिकामा आहे का ते बघून (२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळं नंतर टाकू म्हणण्यापेक्षा १६ चाच बघा). आयपीएस स्क्रीन (बाजूनं बघितलं तरी रंग बिघडत नाहीत ती) ३०० निट्सची, ५० वॉट-अवरच्या आसपास बॅटरी, टाइप-सी नं चार्ज होणारा असला तर लई चांगलं, बारीक पिन तुटायची भानगड राहत नाही आणि पुरेशा वॉटचा असला तर चार्जर दुसऱ्याचा पण चालतो. रायझन घेत असाल तर नंबरमध्ये फसू नका. ७००० सीरिजमध्ये तिसरा आकडा आतलं डिझाइन किती जुनं ते सांगतो, ७५२० मधला २ म्हणजे झेन २ (झेन हे त्या डिझाइनचं नाव), ते जुनं आणि चार कोरचं, ७५३० म्हणजे झेन ३, ७६४० म्हणजे झेन ४. पाटीवर सगळ्यावर रायझन ५ च लिहिलेलं असतंय. चांगल्या शिकलेल्या लोकांनी पण ७५२० वाला १६ हजार जास्त देऊन घेतलेला मी बघितलाय.

नो कॉस्ट ईएमआयचं दुकानदारानं सांगितलंच असंल. रोखीनं घेतला तर जो डिस्काउंट भेटला असता तो तिथं बहुतेक गायब होतो, वर प्रोसेसिंग फी, आणि कार्डवर असला तर व्याजाच्या रकमेवर जीएसटी. आधी रोखीचा भाव लिहून घ्या, मग ईएमआयचं बोला.

राहिलेल्या पैशाचं काय, तर सगळे वाचवा असं मी म्हणणार नाही. तीन-चार हजार अपघाती नुकसानीच्या कव्हरला घाला, पण कंपनीचंच घ्या, दुकानदाराच्या ओळखीच्या कुठल्या तरी पॉलिसीत अटी फार असतेत. एक बरी बॅग, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क बॅकअपला. बाकीचे बाजूला ठेवा, थर्ड इयरला ती मशीन लर्निंगकडं वळली तर ग्राफिक कार्डाचं काय ते तेव्हा बघता येईल, आत्ता तिलाच ठाऊक नाही ती कुठं वळणार. आणि तोवर गुगलच्या कोलॅबवर (गुगलचं कॉम्प्युटर नेटवरनं वापरायला भेटतंय) फुकटात बरंच काही होतंय.

एक गोष्ट मात्र मित्राच्या "शोबाजी" शब्दाबद्दल. बहिणीला असं म्हणू नका. होस्टेलला पहिल्या दिवशी सगळ्या पोरी लॅपटॉप काढतेत, एकीचा चकचकीत असतो, एकीचा मोठ्या भावाचा जुना ठोकळा असतो, आणि गावाकडनं आलेल्या पोरीला त्या वेळी काय वाटतं हे आपल्याला बाहेरनं कळत नाही. माझ्या स्वतःच्या पुतणीनं मला तोंडावर सांगितलं होतं, काका तुमचा हिशोब बरोबर आहे पण तुम्ही त्या रूमवर राहत नाहीत. त्यामुळं तिला आधी विचारा तिला त्या महागड्यातलं नेमकं काय आवडलंय. हलकं वजन म्हणली तर १४ इंची, दीड किलोच्या आतला ६५ हजारात पण आहे. स्क्रीन म्हणली तर वर लिहिलंय. दिसणं म्हणली तर ते पण कारणच आहे, लाजायचं काही नाही, मग अल्युमिनियमच्या झाकणाचा मधल्या किमतीतला बघा, असतेत. बऱ्याचदा लेकरांना पाहिजे ती एकच गोष्ट असते आणि आपण तिच्यासाठी पूर्ण सव्वा लाख मोजून येतो.

दुकानात गेल्यावर झाकण मधोमध धरून एका हातानं उघडून बघा, कीबोर्डच्या मधोमध अंगठ्यानं दाबून बघा किती खाली जातंय, ब्राइटनेस पूर्ण करून दाराच्या उजेडाकडं स्क्रीन फिरवा. आणि दुकानदाराला विचारा की याची स्क्रीन फुटली तर केवढ्याला आणि किती दिवसात. तो लगेच आकडा सांगत असला तर माणूस बरा आहे.

लॅपटॉप घेतला की होस्टेलच्या रूममधलं सॉकेट एकदा वायरमनकडून बघून घ्या अर्थिंग आहे का, आणि उन्हाळ्यात पलंगावर गादीवर ठेवून वापरू नको म्हणून सांगा तिला, खालून हवा बंद होते. विष्णुपुरीहून माझं दुकान लांब नाही, वर्ष झालं की घेऊन यायला सांगा, फॅन साफ करून पेस्ट लावून देतो. पहिल्या वेळी त्याचे पैसे घेत नाही मी.